लष्करातील जुन्या कोठीतला मुक्काम : खोली चौकाकडचीच घ्यावी

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, महाराज बाडा या मुख्य चौकापासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर, इंग्रजी अमदानीत बांधलेल्या एका सरदारी कोठीत हे हॉटेल चालते. त्याचे नाव येथे देत नाही, कारण पुढे काही तक्रारी येणार आहेत आणि त्या आमच्या एका मुक्कामापुरत्या आहेत. मात्र ग्वाल्हेर, इंदूर किंवा बडोदा यांसारख्या संस्थानी शहरांच्या जुन्या वस्तीत, अशा एखाद्या वास्तूत उतरण्याचा ज्यांचा विचार आहे, त्यांना कोणती खोली मागावी आणि पैसे भरण्याआधी काय विचारून घ्यावे, एवढे या लिहिण्यातून कळावे. घरातल्या लग्नासाठी पुण्याहून आणि नागपूरहून आलेल्या पाहुण्यांची सोय माघ महिन्यात आम्ही येथे केली होती, आणि वडीलधाऱ्यांच्या सोबतीला कोणीतरी हवे म्हणून, शहरात स्वतःचे घर असूनही, आम्हीही तेथेच राहिलो.

कोठीचा दर्शनी भाग पाहून नवखा माणूस तिला इंग्रजाचा बंगला समजेल. पुढे बग्गी थांबावी म्हणून केलेले छत, त्याला जोडीजोडीने उभे गोल खांब, त्यामागे लांब व्हरांडा, दारांवर अर्धगोलात बसवलेल्या रंगीत काचा आणि दिवाणखान्यात शेकोटीची संगमरवरी चौकट. दिवाणखाना ओलांडून मागे गेले की मात्र देवडी लागते, देवडीतून चौक उघडतो, आणि आपण सरळ एका मराठी वाड्यात येतो : चारही बाजूंनी ओसरी, वर सज्जा, सज्ज्याला दगडी जाळीचा कठडा, मधोमध तुळशीवृंदावन. लष्करात ही दुहेरी बांधणी नवलाची नाही. दौलतराव शिंद्यांनी १८१० च्या सुमारास किल्ल्याच्या दक्षिणेला टाकलेल्या छावणीतूनच हे शहर वाढले आणि सरदारांच्या गोटांचे पुढे वाडे झाले. जयाजीरावांच्या काळात, प्रिन्स ऑफ वेल्सच्या भेटीच्या निमित्ताने, १८७४ मध्ये मायकेल फिलोज यांच्या आराखड्यावरून जयविलास उभा राहिला, तेव्हा दरबारी मंडळींसमोर विलायती घराचा नमुनाच आला. १८५८ पासून इंग्रज फौजेकडे असलेला किल्ला १८८६ मध्ये झाशीच्या बदल्यात शिंद्यांना परत मिळाला, तरी रेसिडेंट, शिकारीला येणारे साहेब आणि त्यांच्या मडमा यांची ऊठबस चालूच राहिली. पाहुण्याला पुढच्या बंगल्यात बसवायचे आणि घरच्यांनी मागच्या चौकात राहायचे, अशी त्या काळच्या संसाराची वाटणी येथे भिंतींतच बांधून ठेवलेली आहे.

हॉटेलवाल्यांनी दर ठरवताना हीच वाटणी पुढे चालवली आहे, आणि मला वाटते तेथेच त्यांचा हिशेब चुकला आहे. पुढच्या बंगल्यातील खोल्यांना ते ‘रॉयल’ म्हणतात आणि त्यांचे भाडे चौकाकडच्या खोल्यांपेक्षा बरेच जास्त लावतात. आमच्यापैकी काही जण पुढे होते, काही मागे. पहिल्या रात्रीनंतर पुढचे लोक मागे खोली रिकामी आहे का, अशी विचारणा करू लागले. मागच्यांपैकी कोणीही पुढे जायला तयार झाले नाही.

याचे कारण बांधकामात आहे. चौकाकडच्या खोल्यांच्या भिंती दोन-सव्वादोन फूट जाडीच्या, ग्वाल्हेर परिसरातल्या वालुकाश्माच्या आणि चुन्यात बांधलेल्या आहेत. छत दगडी पट्ट्यांचे आहे आणि त्या पट्ट्या दगडी घोड्यांवर, म्हणजे भिंतीतून पुढे काढलेल्या टेकूंवर, टेकलेल्या आहेत. अशी भिंत उष्णता सावकाश घेते आणि सावकाश सोडते. दिवसभर चौकात आलेले हिवाळ्याचे ऊन ती रात्री खोलीत परत करते, त्यामुळे बाहेर धुके पडलेले असताना आम्हांला आत एका दुलईवर भागले. उन्हाळ्यात हेच उलट होते. मे-जूनमध्ये येथे पारा पंचेचाळिसापर्यंत चढतो, तेव्हा दुपारी या खोल्या थंड असतात, पण रात्री तापलेला दगड उष्णता बाहेर टाकू लागतो. म्हणून तर पूर्वी लष्करात सगळे घर गच्चीवर झोपायला जात असे. गरम हवा वर जाऊन बाहेर पडावी यासाठी छताखाली रोशनदाने ठेवलेली आहेत, आणि चौकाकडच्या खोल्यांत ती अजून दोरीने उघडता-मिटता येतात. दाराला लाकडी अडसर आहे, कोनाड्यात दिव्याऐवजी वाचनाचा दिवा बसवला आहे, भिंतींना चुन्याची सफेदी आहे. हॉटेलने येथे काही केलेले दिसत नाही, आणि जे केले नाही तेच चांगले झाले आहे.

पुढच्या खोल्यांत मात्र पैसा खर्च झाला आहे. सोळा-सतरा फुटांची उंची वातानुकूलनाला परवडत नाही म्हणून मध्येच प्लास्टर ऑफ पॅरिसचे खोटे छत टाकले आहे. त्यात मूळ छताचे दगडी कोरीव काम गेले, रोशनदाने बुजली आणि दारावरच्या रंगीत काचांचा अर्धगोल निम्मा कापला गेला. खोट्या छताच्या भोकांतून पांढरे दिवे खाली डोकावतात. खोलीच्या तिन्ही बाजूंना उत्तम सागवानी खिडक्या असूनही त्या खिळ्यांनी बंद केल्या आहेत, कारण बाहेर रस्ता आहे. म्हणजे ज्या खोलीची सगळी ऐट उंचीची आणि उजेडाची, त्याच दोन गोष्टी काढून घेऊन तिचे भाडे वाढवलेले आहे.

भिंतींची गोष्ट अधिक गंभीर आहे. चुन्याचा गिलावा ओल शोषतो आणि हवेत सोडतो. त्याला श्वास घ्यायला जागा लागते. त्यावर प्लास्टिक रंगाचा थर दिला, किंवा खालचा पडलेला भाग सिमेंटने भरून काढला, की ओल आतच अडकते, दगडातले क्षार घेऊन वर चढते आणि रंगाखाली फुगे येतात. आमच्या मामांच्या खोलीत पलंगामागची भिंत कमरेइतक्या उंचीपर्यंत अशीच फुगली होती आणि बोट लावले की पांढरी पूड पडत होती. तक्रार केली तेव्हा व्यवस्थापकांनी तत्परतेने माणूस पाठवला, आणि त्या माणसाने तितक्याच तत्परतेने पलंग दोन फूट पुढे ओढून दिला. ओलीचे मूळ पलीकडच्या न्हाणीघरात होते. जुन्या कोठीत खोलीला जोडून न्हाणी नसे; कपडे बदलण्याच्या खोलीत किंवा व्हरांड्याच्या कोपऱ्यात भिंती घालून ही नंतर केलेली असतात, नळ जुन्या भिंतीत चर खोदून नेलेले असतात, आणि कोठे सांधा गळू लागला तर ते कळायला वर्ष जाते. खोली घेण्याआधी न्हाणीघराला लागून असलेली भिंत पाहावी, हा माझा पहिला सल्ला आहे. दुसरा सल्ला असा की नळ उघडून पाच मिनिटे थांबावे. गरम पाणी येथे मिळते, भरपूर मिळते, पण ते कोठीच्या दुसऱ्या टोकाहून येते आणि सकाळी सात ते आठ या वेळात सगळे एकदम आंघोळीला निघाले तर शेवटच्या खोलीपर्यंत कोमट होऊन पोहोचते. लग्नघरच्या मंडळींना हे फार जाणवले.

सजावटीबद्दल थोडे मन मोकळे करतो. दारावरचा दरवान उंचापुरा, हसतमुख आणि सामान उचलायला सदैव तयार, पण त्याच्या डोक्यावर राजस्थानी साफा. स्वागतकक्षात कठपुतळ्या टांगलेल्या, उशांवर जयपुरी उंट, संध्याकाळी ध्वनिक्षेपकावर मारवाडी लोकगीते. ज्या शहराच्या राजघराण्याच्या नावाची शिंदेशाही पगडी सगळ्या मराठी मुलखाला माहीत आहे, त्या शहरात शिंद्यांच्या सरदाराच्या घरी पाहुण्याला उसना राजस्थान दाखवण्याची गरज का पडावी? संगीताच्या बाबतीत तर हे अधिकच खटकते. हद्दू-हस्सू खानांपासून कृष्णराव शंकर पंडितांपर्यंत खयालाची परंपरा या गल्ल्यांत वाढली, १९१८ मध्ये माधवराव महाराजांच्या आश्रयाने आणि भातखंड्यांच्या मार्गदर्शनाने माधव संगीत विद्यालय येथे सुरू झाले, २०२३ मध्ये युनेस्कोने ग्वाल्हेरला संगीतनगरी म्हणून आपल्या यादीत घेतले. जिवाजीगंजातले सरोद घर, म्हणजे उस्ताद हाफिज अली खाँ यांचे घर आणि आताचे वाद्यसंग्रहालय, हॉटेलातून रिक्षाने सहज जाता येण्याजोगे आहे. पण स्वागतकक्षातल्या मुलाला त्याचे नाव माहीत नव्हते. व्हरांड्यात जुनी छायाचित्रे लावली आहेत ती मात्र अस्सल आहेत : शिकारीचे तळ, हत्तींचे हौदे, बग्गीत बसलेली साहेब मंडळी, पगडीधारी सरदारांच्या रांगा. एकाही चित्राखाली नाव किंवा साल नाही.

ती उणीव भरून काढतो तो येथला जुना वाढपी. वय साठीच्या पुढे, मराठी बोलतो ती अस्सल लष्करी, म्हणजे क्रियापद मराठी आणि बाकी अर्धे वाक्य हिंदी. त्याचे वडील याच कोठीत नोकरीला होते. कोणते छायाचित्र कोणत्या दालनात काढले, शेकोटी केव्हा बुजवली, चौकातली विहीर कोठे होती, हे तो पोळी वाढता वाढता सांगतो. आम्ही उतरलो त्या दिवशी त्यानेच माझ्या आत्याला बाजूला घेऊन सांगितले, “आत्याबाई, पुढची खोली घेऊ नका, रात्रभर बँडवाले निघतात तिकडून. चौकात या, तिकडे काही सुनाई येत नाही.” त्याचा सल्ला अक्षरशः खरा ठरला. लग्नसराईत लष्करातल्या रस्त्यांवरून वराती रात्री उशिरापर्यंत जातात आणि डीजेच्या ठोक्याने पुढच्या खोल्यांच्या काचा थरथरतात. तीच वरात चौकात दूरच्या शेजारघरी चाललेल्या कार्यासारखी ऐकू येते. हॉटेलने त्या गृहस्थांना अर्धा तास देऊन पाहुण्यांना कोठी फिरवून दाखवायला सांगितले, तर त्यासाठी लोक वेगळे पैसे देतील.

जेवणाबाबत अनुभव संमिश्र आहे. छापील यादीत लाल मांस, दालबाटी, पनीरचे सात-आठ प्रकार आणि चिनी पदार्थ आहेत; ते सर्व खाण्याजोगे असून लक्षात राहण्याजोगे त्यांत काही नाही. नाश्त्याला ऑम्लेट, टोस्ट आणि पोहे मिळतात. पोह्यांवर शेव असते, ही मध्य प्रदेशची रीत, तिच्याविरुद्ध आमचे काही म्हणणे नाही. पण यादी बाजूला ठेवून मुदपाकखान्याशी थेट बोलले की चित्र बदलते. आदल्या दिवशी सांगून ठेवल्यावर आम्हांला बाजरीची भाकरी, चुलीवर भाजलेल्या वांग्याचे भरीत, लसणाची चटणी आणि लोण्याचा गोळा मिळाला. बाजरी चंबळच्या पट्ट्यातली, त्यामुळे तिला येथे कोठून आणावी लागत नाही. शाकाहारी मंडळी पानावरून लवकर उठली नाहीत. लष्करातल्या मराठी घरांत होणारा मटणाचा तांबडा रस्सा आणि मसालेभात हाच आचारी करतो असे कळले, आणि तोही यादीत नाही. सकाळी बेडई, म्हणजे डाळ भरलेली पुरी, आणि जिलबी बाजारातून मागवून देतात. ती मागवण्यापेक्षा स्वतः बाहेर पडून गरम खावी; गारठलेली बेडई म्हणजे नुसते तेल.

जागेबद्दल मात्र एकही तक्रार नाही. सकाळी आठच्या आत बाड्यावर जावे. दुकाने उघडलेली नसतात, गाड्यांची गर्दी नसते, आणि टाउन हॉल, डाकघर, बँकेची इमारत, सरकारी छापखाना, व्हिक्टोरिया मार्केट आणि शिंद्यांचा जुना गोरखी वाडा यांचे दर्शनी भाग पाट्यांच्या वर नीट दिसतात. एकाच चौकात इतक्या निरनिराळ्या घाटाच्या इमारती शेजारी शेजारी उभ्या असलेल्या इतरत्र क्वचित पाहायला मिळतील. व्हिक्टोरिया मार्केट २०१० मध्ये आगीत जळाले होते. ते पुन्हा बांधून काढले असून तेथे आता भूविज्ञान संग्रहालय आहे. मोतीमहाल आणि जयविलास येथे जायला ई-रिक्षा पुरे. हॉटेलची गाडी घेण्याचे कारण नाही, तिचा दर अवाच्या सवा आहे. किल्ल्यावर गाडीने जायचे तर उरवाई दरवाजाने जावे लागते आणि वाटेत कातळात कोरलेल्या प्रचंड तीर्थंकरमूर्ती लागतात, तेथे चालकाला थांबायला सांगावे. माघात मेळाही भरलेला असतो. माधवराव महाराजांनी १९०५ मध्ये सुरू केलेला हा मेळा आजही शहराची हिवाळ्यातली मोठी हौस आहे, आणि त्या दिवसांत हॉटेलचे दर चढतात.

गैरसोयींपैकी दोन सांगितल्याच पाहिजेत. पहिली जिन्यांची. लिफ्ट नाही आणि या वास्तूत ती बसवूही नये, पण मग वरच्या मजल्यावरची खोली कोणाला द्यायची याचा विचार नोंदणी घेतानाच व्हावा. दगडी पायऱ्या उंच आहेत, मधोमध झिजून गुळगुळीत झाल्या आहेत, आणि कठडा इतका ठेंगणा आहे की हात टेकायचा तर वाकावे लागते. दारांचे उंबरठेही वीतभर उंच. गुडघ्यांचा त्रास असलेल्या पाहुण्यांना तळमजल्याच्या खोल्या मिळाव्यात असे आम्ही आगाऊ कळवले होते. प्रत्यक्षात एका खोलीसाठी बरीच हुज्जत घालावी लागली. दुसरी गैरसोय गाड्यांची. गल्लीत मोठी मोटार वळत नाही, हॉटेलचे आवार लहान आहे, आणि रात्री आलेल्या पाहुण्याला आपली गाडी बऱ्याच लांब उभी करून सामान हातात घेऊन यावे लागते. दरवान मदतीला येतो, पण तो एकटाच. विजेची जुनी जोडणी ताणली जाऊन सगळ्या खोल्यांतले हीटर एकदम लावल्यावर दिवे जातात, याची मात्र दोन दिवसांत सवय झाली. शिवाय चौकाकडे हीटरची गरजही फारशी पडली नाही.

स्वच्छतेबद्दल, चादरींबद्दल आणि नोकरवर्गाच्या वागण्याबद्दल चांगलेच लिहावे लागेल. लहान मुलांनी चौकात गोंधळ घातला, वृंदावनाभोवती लपाछपी खेळली, कोणी कपाळाला आठी घातली नाही. हळदीचा छोटा कार्यक्रम चौकात करू द्याल का, असे विचारले तेव्हा व्यवस्थापकांनी वेगळे भाडे न मागता परवानगी दिली. फरशीवर हळदीचे डाग पडू नयेत म्हणून जाजम अंथरावे, एवढीच अट होती, आणि जाजमही त्यांनीच दिले. सज्ज्यात बायका, खाली ओसरीवर पुरुष, मध्ये चौरंग, अशी मांडणी कोणी न सांगता आपोआप झाली, कारण त्या चौकात दुसरी मांडणी बसतच नाही.

खर्चाचा हिशेब करताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. दिवसाला साडेसात हजार रुपयांवरच्या खोलीभाड्यावर वस्तू व सेवा कर १८ टक्के लागतो, त्याखालच्या भाड्यावर तो बराच कमी आहे. हिवाळ्याच्या दरात पुढच्या खोल्या या रेषेच्या वर आणि चौकाकडच्या खाली राहतात, त्यामुळे दोन्हींतला प्रत्यक्ष फरक फलकावरच्या आकड्यांपेक्षा मोठा पडतो. संकेतस्थळावरून नोंदणी केली तर ‘हेरिटेज रूम’ एवढेच लिहून येते, आणि खोली पुढची की मागची हे पाहुणा दारात येईपर्यंत ठरत नाही. म्हणून फोन करावा, चौकाकडची खोली हवी असे स्पष्ट सांगावे, तळमजला हवा असल्यास तेही सांगावे, आणि दोन्ही गोष्टी त्यांच्याकडून लेखी मागून घ्याव्यात. आगाऊ रकमेची पावती मागितल्याशिवाय देत नाहीत, तीही मागावी.